दफ्तर, फेरफार आणि पडद्यावरचा नमुना

अकोल्याची जठारपेठ ही सरकारी कचेऱ्यांची वस्ती नव्हे. दवाखाने, औषधांची दुकाने, शिकवणीचे वर्ग, भाजीबाजार आणि मध्यमवर्गीय कुटुंबांची घरे अशी तिची घडण आहे. तथापि या पेठेत दिवसभर जो व्यवहार चालतो त्याचा फार मोठा भाग लिहून ठेवण्याचा असतो, हे थोडे थांबून पाहिले म्हणजे ध्यानात येते. डॉक्टरांकडे रुग्णांचे केसपेपर, औषधविक्रेत्याकडे मालाची मुदत संपण्याच्या तारखा, शिकवणीवर्गात शुल्काची वही, पतसंस्थेत खाती, वाचनालयात ग्रंथांची दाखल नोंदवही अशी कितीतरी दफ्तरे येथे नांदतात. गेल्या दोन-तीन दशकांत ती एकेक करून संगणकावर गेली, आणि बहुतेक ठिकाणी गेली ती एक्सेलच्या एखाद्या लांबरुंद तक्त्यात. तक्ता सोयीचा खरा. परंतु त्यात कोणीही, कोठेही, काहीही लिहू शकतो, आणि अशा वहीला जुन्या काळचा कारकून दफ्तर म्हणावयास तयार झाला नसता.

अशा वेळी ज्या वस्तूची गरज भासते ती फारशी मोठी नाही. आपल्याच टेबलावरील संगणकात, इंटरनेटची अपेक्षा न ठेवता उघडणारी एक खिडकी, तीत सात-आठ चौकटी, खाली चार-पाच बटणे, आणि त्यामागे शिस्तीने मांडलेला एक डेटाबेस, एवढाच तिचा पसारा. प्रोग्रॅमिंगची बेताची ओळख असलेला महाविद्यालयीन विद्यार्थी एका सुटीत ती तयार करू शकतो. मात्र ती तयार करताना बहुतेकांची बुद्धी चौकटींचे रंग आणि बटणांच्या जागा यांतच खर्च होते. नोंद म्हणजे नेमके काय, ती कोणी बदलावी, आणि बदलल्यावर पूर्वीच्या मजकुराचे काय व्हावे, हे खरे प्रश्न तसेच राहून जातात. या प्रश्नांचा विचार वऱ्हाडात संगणक येण्याच्या फार आधी, आणि तोही गावच्या चावडीत, झालेला आहे. म्हणून प्रथम तिकडे वळणे इष्ट ठरेल.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला, आणि पुढे १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे जमिनीची पाहणी व जमाबंदी सुरू झाली. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, त्याच्या हद्दी निश्चित झाल्या, त्यावर आकार बसला, आणि पटवाऱ्याच्या बस्त्यात त्या साऱ्याची लेखी नोंद राहू लागली. १९२८ चा वऱ्हाडचा जमीन महसूल कायदा, १९५६ मध्ये झालेला मुंबई राज्यातील समावेश, १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आणि तिच्याखालील १९७१ चे अधिकार अभिलेखाचे नियम अशी स्थित्यंतरे होत पटवारी जाऊन तलाठी आला. पण दफ्तराचे तत्त्व बदलले नाही. गावासाठी ठरावीक नमुने, प्रत्येक नमुन्याला क्रमांक, आणि प्रत्येक रकान्यात काय लिहावयाचे याचा बांधलेला जाबता, हे ते तत्त्व होय.

या नमुन्यांपैकी दोन सर्वांच्या परिचयाचे आहेत. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एकाच कागदावर येतात म्हणून कास्तकार त्याला सातबारा म्हणतो. तिसरा नमुना ८अ हा आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक उद्‌बोधक आहे. नमुना सात शेताच्या क्रमांकाने लावलेला असतो, म्हणजे अमुक गट कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर तो देतो. नमुना ८अ खातेदाराच्या नावाने लावलेला असतो, म्हणजे अमुक माणसाची गावात कोठे कोठे आणि किती जमीन आहे, हे तो सांगतो. माहिती तीच, केवळ तिच्याकडे पाहण्याची बाजू वेगळी. हस्तलिखिताच्या काळात मात्र ही तीच माहिती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे लिहावी लागे, आणि सातावर झालेला बदल ८अ वर उतरवावयाचा राहिला म्हणजे दोन सरकारी कागद एकमेकांना खोटे पाडीत. हा दोष कोणा एका तलाठ्याच्या आळसाचा नव्हता. एकच गोष्ट दोन जागी लिहिली की त्या दोन जागा केव्हा ना केव्हा विसंवादी होणारच.

या व्याधीवरील शास्त्रीय उपचार १९७० मध्ये एडगर कॉड या मूळच्या इंग्रज गणितज्ञाने सांगितला. तो त्या वेळी अमेरिकेतील सॅन होजे येथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. तोपर्यंत संगणकातील माहिती झाडाच्या फांद्यांप्रमाणे किंवा एकमेकांना जोडलेल्या कड्यांप्रमाणे साठविली जाई, आणि एखादी नोंद हवी असल्यास तिच्यापर्यंत जाणारी वाट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असावी लागे. वाट बदलली की सर्व प्रोग्रॅम बदलणे आले. कॉडचे म्हणणे असे की माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, प्रत्येक ओळीला तिची स्वतंत्र ओळख असावी, एक वस्तुस्थिती एकाच जागी लिहावी, आणि वापरणाऱ्याने केवळ काय हवे ते विचारावे. ते कोणत्या वाटेने आणावयाचे हे यंत्राने पाहावे. त्याच संस्थेतील डोनाल्ड चेंबर्लिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये अशा प्रश्नांसाठी जी भाषा सिद्ध केली तीच आजची एसक्यूएल. तिच्यातील नित्याची क्रियापदे चारच: सिलेक्ट म्हणजे काढून दाखव, इन्सर्ट म्हणजे नवी ओळ घाल, अपडेट म्हणजे असलेली बदल, डिलीट म्हणजे नाहीशी कर. पडद्यावरील कोणताही नमुना कितीही सजलेला असो, त्याची बटणे शेवटी या चार क्रियापदांपैकी एखाद्याचाच उच्चार करीत असतात. कॉडच्या दृष्टीने नमुना ८अ हा साठवून ठेवण्याचा कागदच नव्हे. साताच्या कोष्टकाला खातेदाराच्या बाजूने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर आहे, आणि ते हवे तेव्हा तयार करता येते.

आता हे तत्त्व जठारपेठेतील एखाद्या लहान वाचनालयाला लावून पाहू. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, त्यांना अनुदान मिळते, आणि म्हणून त्यांच्या नोंदवह्यांची तपासणीही होते. अशा वाचनालयाचा तक्ता करावयास बसणारा उत्साही तरुण प्रथम काय करतो, तर एकाच कोष्टकात पुस्तकाचे नाव, लेखक, किंमत, नेणाऱ्या सभासदाचे नाव, त्याचा पत्ता, नेल्याची तारीख आणि परतीची तारीख असे सारे रकाने ओळीने मांडतो. महिनाभर ते सुरळीत चालते. मग एकच सभासद पाचव्यांदा पुस्तक नेतो आणि त्याचा पत्ता पाचव्यांदा लिहावा लागतो. त्याने घर बदलले की पाचांपैकी तीन ओळींत नवा पत्ता लागतो आणि दोनांत जुना राहतो. आणि ज्याने अद्याप एकही पुस्तक नेले नाही अशा सभासदाची नोंद करावयास तर जागाच उरत नाही.

उपाय असा की वस्तू वेगळ्या तेवढी कोष्टके वेगळी करावीत. सभासद ही एक वस्तू. ग्रंथ ही दुसरी. ग्रंथाची प्रत ही तिसरी, कारण एखाद्या लोकप्रिय कादंबरीच्या तीन प्रती घेतल्या असतील तर लेखकाचे नाव एकदाच लिहावयाचे असते, पण फाटलेली, हरवलेली आणि बाहेर गेलेली प्रत मात्र निरनिराळी असते. देवघेव ही चौथी वस्तू, आणि तिच्या ओळीत नावे किंवा पत्ते अजिबात नसतात. कोणता सभासद, कोणती प्रत, कधी नेली, कधी आणली, एवढेच असते, आणि तेही क्रमांकांच्या रूपाने. ग्रंथपालांना यात काही नवल वाटणार नाही, कारण प्रत्येक प्रतीला दाखल क्रमांक देण्याची आणि तो क्रमांक पुन्हा कोणाला न देण्याची रीत त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. पुस्तक निर्लेखित झाले तरी त्याचा दाखल क्रमांक रिकामा राहतो, दुसऱ्या पुस्तकाला तो देत नाहीत. डेटाबेसची परिभाषा ज्याला प्राथमिक कळ म्हणते ती हीच. सभासदासाठी अशी कळ निवडताना नावाचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. वऱ्हाडात देशमुख, वानखडे, इंगळे, गावंडे ही आडनावे इतकी विपुल आहेत की एकाच गल्लीत नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही जुळणारी माणसे भेटू शकतात. लग्नानंतर कित्येक स्त्रियांचे नाव बदलते. आणि भ्रमणध्वनीचा क्रमांक तर त्याहूनही चंचल. म्हणून प्रोग्रॅमने स्वतःच द्यावा असा निरर्थक, केवळ चढता सभासद क्रमांक उत्तम. त्याला काही अर्थ नसतो, म्हणूनच तो कधी खोटा ठरत नाही.

कोष्टके अशी ठरली की पडद्यावरील नमुना निम्मा सिद्ध झाला. सभासदाच्या नमुन्यात क्रमांकाची चौकट दिसावी, पण तीत लिहिता येऊ नये. आडनाव, नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव यांसाठी तीन स्वतंत्र चौकटी असाव्यात, कारण एकत्र लिहिलेले नाव मागाहून वेगळे करणे हे किती दुर्घट असते ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. वर्गणीचा प्रकार लिहावयास लावू नये, यादीतून निवडावयास लावावा. एरवी ‘मासिक’, ‘माासिक’, ‘दरमहा’ आणि ‘महिना’ असे चार प्रकार आठवड्याभरात जन्मास येतात. एका चौकटीतून दुसरीत जाण्याचा क्रम कागदी अर्जाच्या क्रमाप्रमाणेच असावा, म्हणजे अर्ज डाव्या हाताशी ठेवून नजर न हलविता भरता येतो. ‘पहिली नोंद, मागची, पुढची, शेवटची’ अशी चार बाणांची बटणे मात्र बहुतेक नमुन्यांत जुन्या सवयीने येऊन बसतात, त्यांची उपयुक्तता मला कधीच कळली नाही. सातशे सभासदांतून हवा तो सभासद ‘पुढची’ दाबत दाबत शोधणारा मनुष्य अजून कोणी पाहिला नसावा. त्या जागी शोधाची एक चौकट द्यावी, आणि ‘नवीन’ हे बटण दाबण्यापूर्वी शोध घ्यावयास लावावा, म्हणजे तोच सभासद दोनदा दाखल होण्याचे टळते.

चूक दाखविण्याची रीत हा तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय होईल. ‘अवैध नोंद’ एवढेच लाल अक्षरांत लिहून गप्प बसणारा नमुना हा अर्जावर ‘त्रुटी’ असा शेरा मारून तो परत करणाऱ्या कारकुनाचाच वंशज होय. मोबाइल क्रमांकात नऊ अंक आले असतील तर ‘नऊ अंक आहेत, दहा हवेत’ असे सांगावे, चुकलेल्या चौकटीतच कर्सर न्यावा, आणि भरलेला बाकीचा मजकूर पुसू नये. यापलीकडे सौजन्याचे काही अवघड नियम नाहीत. परंतु एवढी तपासणी नमुन्यात केली म्हणजे काम संपले, असे समजणे धोक्याचे आहे. जुन्या वाड्याच्या देवडीवर कितीही दक्ष पहारेकरी बसविला तरी परसाकडची भिंत पडकी असेल तर त्याचा उपयोग नसतो. तद्वत डेटाबेसची फाइल दुसऱ्या एखाद्या साधनाने उघडून तीत थेट लिहिणारा मनुष्य नमुन्यातील एकाही तपासणीच्या दृष्टीस पडत नाही. म्हणून रकाना रिकामा नसावा, क्रमांक दुबार नसावा, परतीची तारीख नेल्याच्या तारखेच्या आधीची नसावी, अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावे प्रत जाऊ नये, हे नियम कोष्टकाच्या रचनेतच घालावेत. आणखी एक दक्षता अशी की चौकटीत आलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यात जसाच्या तसा चिकटवू नये. वाक्यात प्रश्नचिन्हाची जागा ठेवून मजकूर वेगळा पाठवावा, म्हणजे कोणी खोडसाळपणे नावाच्या चौकटीत हुकूम लिहिला तरी यंत्र त्याला नावच समजते.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्याला यांशिवाय काही अडचणी अशा येतात की त्यांचा उल्लेख परभाषेतील ग्रंथांत सापडत नाही. फार वर्षे आपल्याकडे कृतिदेव, श्रीलिपी अशा फाँटांचा सुकाळ होता. पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठविलेले संकेत रोमन अक्षरांचे असत, आणि फाँट नसलेल्या संगणकावर तीच नोंद निरर्थक चिन्हांची रांगोळी होऊन उमटे. युनिकोडने ते संकट निवारले. पण सर्वस्वी नाही. वकिलांच्या नावाआधी येणारा ‘ॲड.’ हा शब्द घ्या. त्यातील ‘ॲ’ एका स्वतंत्र संकेताने लिहिता येतो, आणि ‘अ’ वर चंद्र देऊन दोन संकेतांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला मात्र दोन निराळी अक्षरे, आणि युनिकोडने सांगितलेले नित्याचे एकरूपीकरण केले तरी ती दोन निराळीच राहतात. खुद्द ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा ‘र’ही असाच दोन प्रकारे लिहिला जातो, एकदा स्वतंत्र संकेताने आणि एकदा न दिसणाऱ्या जोडचिन्हाच्या साह्याने; परिणामी वऱ्हाडातल्या संस्थेच्या डेटाबेसात वऱ्हाड शोधले असता ते सापडले नाही, असे घडू शकते. यावर उपाय एकच: जतन करण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी अशा जोड्यांचे एक रूप करणारी पाच-दहा ओळींची प्रक्रिया आपणच लिहून ठेवावी, आणि शब्दाच्या मागेपुढे राहिलेल्या रिकाम्या जागाही तीतच छाटाव्यात.

अनुक्रमाचेही तसेच. संकेतांच्या क्रमाने लावल्यास ‘क्षीरसागर’ हे आडनाव ‘क’ मध्ये जाऊन बसते आणि ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगोलग येतो, परंतु मराठी वर्णमाला शिकलेला मनुष्य ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि ‘ळ’ शेवटी पाहतो. अंकांचे काय करावयाचे तेही आधीच ठरवावे. अंक मजकूर म्हणून साठविले तर ‘१०’ हा ‘२’ च्या आधी येतो. म्हणून वापरणाऱ्याने १०० असे मराठी अंकांत लिहिले काय किंवा इंग्रजी अंकांत लिहिले काय, आत संख्याच जावी आणि बाहेर दाखविताना ती मराठी अंकांत दाखवावी. तारखेची गत याहून निराळी नाही. आत वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि बाहेर आपल्या रूढीप्रमाणे.

आता वीज. वऱ्हाडातील ज्या पिढीने भारनियमनाची वर्षे पाहिली तिला हे सांगावयास नको की संगणक नेमका ‘जतन’ दाबल्यावर बंद पडतो. पुस्तक देताना दोन गोष्टी घडावयाच्या असतात: देवघेवीच्या कोष्टकात नवी ओळ यावयाची आणि प्रतीच्या कोष्टकात ती बाहेर असल्याचे नमूद व्हावयाचे. पहिली घडून दुसरी राहिली तर पुस्तक एकाच वेळी सभासदाच्या घरी आणि कपाटातही असल्याचे दफ्तर सांगू लागेल. डेटाबेसात या दोन क्रियांची एक मोट बांधता येते, तिला ट्रान्झॅक्शन म्हणतात. मोट पुरी झाली तर दोन्ही खऱ्या, मध्येच तुटली तर दोन्ही रद्द. एसक्यूलाइट या लहानशा डेटाबेसात हे कसे साधले आहे ते पाहण्यासारखे आहे. मूळ पानांत बदल करण्यापूर्वी त्यांची जुनी नक्कल तो शेजारच्या वेगळ्या फाइलीत उतरवून ठेवतो. काम तडीस गेले की ती फाइल निकालात निघते, आणि मध्ये वीज गेली तर पुन्हा उघडताना ती शिल्लक दिसताच तो जुनी पाने जागच्या जागी परत आणतो. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थाने हा डेटाबेस २००० मध्ये तयार केला, तोही अमेरिकन नौदलाच्या विनाशिकेवरील एका कामात वेगळा सर्व्हर सांभाळण्याचा व्याप नको होता म्हणून. आज तो प्रायः प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे, आणि कर्त्याने त्यावरील स्वामित्व सोडून दिलेले असल्यामुळे तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो.

मराठीच्या अडचणी सोडल्या तर येथवरचा भाग कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. चावडीकडून शिकण्यासारखे जे आहे ते यापुढचे. जमिनीचा हक्क बदलला, म्हणजे खरेदी झाली, वारस लागले किंवा वाटणी झाली, तर तलाठी थेट सातबारावर हात चालवू शकत नाही. संहितेप्रमाणे, नोंदणीकृत दस्ताने आलेला हक्क सोडल्यास, हक्क मिळविणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावयाची असते. बदलाची नोंद प्रथम नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत होते. त्या नोंदीची नोटीस चावडीवर लागते आणि हितसंबंधितांना पोचविली जाते. हरकतीसाठी पंधरा दिवस मोकळे राहतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते, न आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आणि एवढे झाल्यावरच नमुना सातावर नवे नाव चढते, तेही फेरफाराच्या क्रमांकासह. जुने नाव पुसले जात नाही, त्याला कंस केला जातो. कंसातले नाव वाचता येते, ते कोणत्या फेरफाराने कंसात गेले ते पाहता येते, आणि त्या क्रमांकावरून मूळ कारणापर्यंत मागे जाता येते. संहितेच्या १५७ व्या कलमाने प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची असते. ही प्रतिष्ठा शाईमुळे आलेली नाही, मागील सर्व पायऱ्यांमुळे आलेली आहे.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की लहानात लहान डेस्कटॉप नमुन्यातही ‘काढून टाका’ हे बटण ठेवू नये. सभासदाने सभासदत्व सोडले तर त्याच्या ओळीतील स्थितीचा रकाना ‘बंद’ करावा; शोधात तो एरवी दिसू नये, पण मागितला तर दिसावा. हा आपला कंस. शिवाय फेरफाराचे एक पाचवे कोष्टक ठेवावे: कोणत्या कोष्टकातील कोणत्या क्रमांकाची नोंद, कोणता रकाना, आधी काय होते, नंतर काय झाले, कोणी केले, केव्हा केले आणि कशावरून केले. यांतील पहिले बहुतेक रकाने भरण्याचे काम डेटाबेस स्वतः करू शकतो. कोष्टकात बदल होताच आपोआप चालणाऱ्या लहानशा प्रक्रियेला ट्रिगर म्हणतात, आणि ती कोष्टकापाशीच बसलेली असल्यामुळे नमुना टाळून केलेला बदलही तिच्या नोंदीतून सुटत नाही. ‘कशावरून’ हा रकाना मात्र माणसानेच भरावयाचा: ‘सभासदाचा अर्ज’, ‘पावती’, ‘लेखनदोष’. प्रमाणित करण्याची पायरी सर्वत्र आणू नये, नाही तर फोनचा क्रमांक बदलण्यासही दोन सह्या लागतील आणि लोक पुन्हा वहीकडे वळतील; पण अनामत रक्कम, वर्गणीची माफी किंवा प्रतीचे निर्लेखन यांसारख्या गोष्टींत लिहिणारा एक आणि मान्य करणारा दुसरा असावा. नमुन्यात हे साधणे कठीण नाही. बदल प्रथम ‘प्रलंबित’ म्हणून राहतो, आणि ग्रंथपालाने आपल्या प्रवेशशब्दाने येऊन होकार दिल्यावरच तो मुख्य कोष्टकात उतरतो.

नोंदी संगणकावर नेताना काय होते, याचा अनुभव सातबाऱ्याच्याच बाबतीत राज्याने घेतला आहे. हस्तलिखित उताऱ्यांवरून भरलेल्या संगणकीय उताऱ्यांत नावांचे, क्षेत्रांचे आणि आणेवारीचे मेळ बसेनात, म्हणून २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकातील नोंदी गावकऱ्यांसमोर वाचून दाखवावयाच्या, हरकती घ्यावयाच्या आणि दुरुस्त्या करावयाच्या. डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे त्यानंतर, १ मे २०१८ पासून, मिळू लागले. लहान संस्थेने यातून घ्यावयाचा तो बोध साधा आहे: जुन्या वहीवरून भरलेल्या नोंदी भरणाऱ्यानेच तपासू नयेत. छापील यादी काढून ती दुसऱ्याने वहीशी रुजुवात घालून पाहावी, आणि सभासदाच्या नावाची खात्री शक्य तेथे सभासदाकडूनच करून घ्यावी. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणीत नमुना बाराची माहिती शेतकऱ्यानेच मोबाइलवरून भरावयाची पद्धत आली, तिच्या मुळाशीही हीच कल्पना आहे. ज्याची नोंद त्याच्याइतकी तिची काळजी इतर कोणास नसते.

साधनांविषयी थोडक्यात. नव्वदच्या दशकात संगणकवर्गांतून डीबेस आणि फॉक्सप्रो शिकविले जात. १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आणि १९९२ मध्ये ॲक्सेस आले, आणि खिडकीवर चौकटी ओढून आणून ठेवण्याची सोय सामान्य माणसाच्या हाती आली. ज्याला प्रोग्रॅम लिहावयाचा नाही त्याने आजही ॲक्सेस किंवा विनामूल्य मिळणारा लिब्रेऑफिसचा बेस वापरावा. ज्याला थोडे लिहिता येते त्याने पायथन ही भाषा घ्यावी. खिडकी काढण्यासाठी टीकेइंटर आणि माहिती ठेवण्यासाठी एसक्यूलाइट ही दोन्ही साधने तिच्या नेहमीच्या प्रतीत बहुधा आयतीच असतात. नक्कल रोज काढावी, ती त्याच टेबलाच्या खणात ठेवू नये, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडूनही पाहावी, कारण उघडून न पाहिलेली नक्कल असून नसल्यासारखी.

दफ्तरात दुसरा संगणक आला की मात्र नवा प्रश्न उभा राहतो. एसक्यूलाइटची फाइल जाळ्यावर ठेवून दोन ठिकाणांहून लिहिणे सुरक्षित नाही. तेथे पोस्टग्रेसक्यूएल किंवा मायएसक्यूएल यांसारखा सर्व्हर लागतो. आणि सर्व्हर आणला तरी पुढील पेच उरतोच: दोघे कारकून एकाच सभासदाची नोंद एकाच वेळी उघडतात, पहिला पत्ता बदलून जतन करतो, दुसऱ्याच्या पडद्यावर अजून जुनाच पत्ता असतो, तो केवळ फोन बदलून जतन करतो, आणि पहिल्याने घातलेला नवा पत्ता कोणाच्याही नकळत नाहीसा होतो. यावरील रूढ उपाय असा की प्रत्येक ओळीत तिच्या शेवटच्या बदलाचा क्रमांक ठेवावा. नमुना उघडताना तो वाचून घ्यावा, आणि जतन करताना तो तोच असेल तरच बदल स्वीकारावा, नसेल तर ‘मधल्या काळात ही नोंद बदलली आहे, पुन्हा पाहा’ असे सांगून थांबावे. २०२० मध्ये सातबाऱ्याच्या नमुन्यात ज्या सुधारणा झाल्या त्यांत, कंस केलेल्या नावांवर आडवी रेघ मारण्याबरोबरच, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि दिनांक उताऱ्यावर स्वतंत्रपणे दाखविण्याची तरतूद आहे. हातातील उतारा अद्ययावत आहे की त्यानंतर काही घडले आहे, हे त्यावरून ताडून पाहता येते.